न्यूमोनियाचा कोड कशावरून ठरवायचा?

न्यूमोनियाच्या कोडिंगबद्दल, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला ठरावीक कोड देण्याबद्दल, आलेल्या प्रश्नांपैकी चार इथे घेतले आहेत. पहिले तीन पुणे-नवी मुंबईत बसून अमेरिकी रुग्णालयांचे चार्ट करणाऱ्या कोडरांचे आहेत, म्हणून त्यांना आयसीडी-१०-सीएम या अमेरिकी कोडपद्धतीचे नियम लागू होतात. चौथा आपल्याकडच्या एका निवासी डॉक्टरांचा आहे.

प्रश्न : डॉक्टरांनी फक्त ‘न्यूमोनिया’ लिहिलंय. थुंकीच्या कल्चरमध्ये एमआरएसए (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस जंतू) आलाय, व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक चालू आहे. सगळं समोर दिसत असताना एमआरएसए न्यूमोनियाचा जे१५.२१२ का लावू नये?

कारण ते निदान डॉक्टरांनी केलेलं नाही. थुंकीत सापडलेला जंतू नाका-घशात नुसता मुक्कामाला असू शकतो. फुप्फुसाचा आजार त्याच्यामुळेच झाला, असं कल्चर रिपोर्ट सांगत नाही. व्हॅन्कोमायसिनही बरेचदा रिपोर्ट यायच्या आधीच खबरदारी म्हणून सुरू करतात. यांची बेरीज करून निदान काढणं आपलं काम नाही. डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे खुलासा मागणारा प्रश्न, टाका, पण ‘एमआरएसए न्यूमोनिया होता ना?’ अशी नको. ते उत्तर डॉक्टरांच्या तोंडी घालणं झालं. अशी लिहा : ‘थुंकीच्या कल्चरमध्ये एमआरएसए वाढला आहे, व्हॅन्कोमायसिन सुरू आहे. न्यूमोनियाच्या कारणाबद्दल आपलं मत नोंदवावं.’ पर्याय देत असाल तर त्यांत ‘अन्य’ आणि ‘सांगता येत नाही’ हेही हवेत.

उत्तर आलंच नाही किंवा ‘सांगता येत नाही’ असं आलं, तर जंतू न ठरलेल्या न्यूमोनियाचा जे१८.९ लावून मोकळे व्हा. हा कोड म्हणजे कामचुकारपणा, असं नव्या मुलांच्या मनावर बिंबवलं जातं. मला ते अजिबात पटत नाही. एमआरएसए लावला की मेडिकेअर या अमेरिकी सरकारी विम्याच्या हिशेबात केस साध्या न्यूमोनियाच्या १९३ ते १९५ या डीआरजींतून (पैसे ठरवणाऱ्या गटांतून) १७७ ते १७९ मध्ये जाते, पैसे वाढतात आणि ऑडिटर नेमकं तिथेच बोट ठेवतो. पैशांपेक्षाही वाईट म्हणजे न झालेला एमआरएसए रुग्णाच्या नावावर चिकटून राहतो.

जाता जाता : ‘उजव्या खालच्या लोबचा न्यूमोनिया’ ही फक्त जागा झाली. जे१८.१ साठी डॉक्टरांनी ‘लोबार न्यूमोनिया’ असंच लिहिलेलं हवं.

प्रश्न : ‘प्रोबेबल अ‍ॅस्पिरेशन न्यूमोनिया’ (अन्न किंवा उलटी श्वासमार्गात जाऊन बहुधा झालेला न्यूमोनिया) कोड करायचा का?

रुग्ण दाखल होता आणि घरी सोडतानाच्या नोंदीतही ‘प्रोबेबल’ किंवा ‘सस्पेक्टेड’ कायम असेल, तर आजार असल्याचं धरून जे६९.० लावा. पहिल्या दिवशी शंका होती आणि नंतर ती फेटाळली गेली, तर नाही. ओपीडीत ही सवलत नाही. तिथे खोकला, ताप, जी लक्षणं असतील तीच कोड करायची. कोविडला दाखल रुग्णातही ही सवलत नाही. निदान पक्कं असेल तरच कोविडचा यू०७.१ आणि त्याच्यामागे न्यूमोनियाचा जे१२.८२.

प्रश्न : रुग्ण व्हेंटिलेटरवर असताना न्यूमोनिया झाला. व्हेंटिलेटरमुळे झालेल्या न्यूमोनियाचा जे९५.८५१ आपोआप लागतो ना?

नाही. न्यूमोनिया व्हेंटिलेटरमुळे झाला, हा संबंध डॉक्टरांच्या शब्दांत हवा. तारखा जुळवून आपण तो लावायचा नाही. शंका असेल तर क्वेरी. संबंध लिहिलेला असेल, तर जे९५.८५१ सोबत जंतूचा बी९५ ते बी९७ मधला कोड द्या, न्यूमोनियाचा जे१२ ते जे१८ मधला वेगळा देऊ नका. रुग्ण मुळात एक न्यूमोनिया घेऊनच आला आणि दुसरा व्हेंटिलेटरवर झाला, तर मात्र आधीचा मुख्य निदान म्हणून आणि जे९५.८५१ जोडकोड म्हणून येतो.

प्रश्न : पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेले आजोबा न्यूमोनियानं गेले. मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहावं, असं वॉर्डात सांगितलं गेलं. बरोबर आहे का?

नाही डॉक्टर, तसं लिहू नका. हृदय आणि श्वास प्रत्येकाचाच थांबतो. ते कारण नव्हे. या दाखल्याच्या, म्हणजे फॉर्म ४ च्या, पहिल्या भागात ‘अ’ ओळीत न्यूमोनिया, ‘ब’ ओळीत पक्षाघात, आणि त्यामागे उच्च रक्तदाब असल्याचं तुमचं मत असेल तर तो ‘क’ ओळीत. प्रत्येक ओळीसमोर आजार सुरू झाल्यापासूनचा काळही भरा. तो रकाना कोरा ठेवायची सवय फार वाईट. मूळ कारण सर्वांत खालच्या ओळीत येतं आणि मृत्यूच्या आकडेवारीत तेच मोजलं जातं. न्यूमोनियापाशीच थांबलात, तर पक्षाघातानं गेलेला हा माणूस न्यूमोनियाच्या खात्यात जमा होईल.