फोटोतलं फुलपात्र

प्रश्न: ताई, माझं वय 29. दोन वर्षांपूर्वी माझं मिसकॅरेज झालं. घरात त्यावर कोणी बोलतच नाही, सासूबाई म्हणतात विसरून जा. मग मी इन्स्टाग्रामवर वेगळ्या नावाने अकाउंट काढलं आणि रात्री सगळे झोपले की लिहायचे. ना नाव, ना चेहरा. किती बायकांचे मेसेज यायचे, खूप हलकं वाटायचं. मागच्या महिन्यात जावेने त्याचे स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकले. तिला कळलंच कसं? नवरा म्हणतो बंद कर. करू का? नाव-गाव छापू नका.

उत्तर: नाव-गाव छापत नाहीच, आणि पत्रातल्या दोन गोष्टी पण मी बदलल्यात, म्हणजे हा अंक घरी कोणी वाचला तरी लगेच बोट तुझ्याकडे जायला नको. चालेल ना?

लिहिणं बंद नको करूस. दोन वर्षं जे कोणी ऐकूनच घेतलं नाही ते कुठेतरी सांगावंसं वाटलं यात तुझं काहीच चुकलेलं नाही.

आता कळलं कसं ते सांगते. तू सोबत पाठवलेल्या पोस्ट मी मोठ्या करून बघितल्या. दुसऱ्या पोस्टमध्ये खिडकीत चहाचं फुलपात्र आहे, त्याच्या कडेला कोरलंय '… यांजकडून सप्रेम भेट', आणि आडनाव स्पष्ट वाचता येतंय गं. तुझ्या लग्नातल्या आहेराचं असणार. जाऊ तेच फुलपात्र रोज घासते-पुसते, तिला अजून काय पुरावा पाहिजे? म्हणून तो फोटो आजच काढून टाक, आणि यापुढे भांडी, खिडकीबाहेरची पाटी, औषधाची चिठ्ठी, असलं काही फोटोत येऊ देऊ नकोस.

दुसरी शक्यता फोन नंबरची. अकाउंट नेहमीच्या नंबरवर काढलं असशील आणि जावेने तिच्या फोनमधले कॉन्टॅक्ट्स अ‍ॅपला दिले असतील तर तुझं अकाउंट तिला आपोआप सुचवलं जाऊ शकतं. नवीन अकाउंट वेगळ्या ईमेलवर काढ, कॉन्टॅक्ट सिंक बंद ठेव, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डसोबत एक कोडही लागतो ते) चालू कर. 'क्लोज फ्रेंड्स'वर, म्हणजे निवडक लोकांनाच स्टोरी दाखवायच्या सोयीवर, पण फार विसंबू नकोस, स्टोरीचा स्क्रीनशॉट कोणी काढला तर इन्स्टाग्राम तुला कळवत नाही.

आणि त्याच दिवशी लिहून टाकू नकोस. 'आज डॉक्टरांकडे गेले' असं त्याच संध्याकाळी लिहिलं की घरातल्या कोणालाही दोन आणि दोन चार करता येतात. वहीत लिही, महिनाभर राहू दे, मग वार-तारीख-डॉक्टर बदलून टाक. दुःख तुझंच राहतं, पत्ता तेवढा जातो. सासूबाईंची वाक्यं मात्र जशीच्या तशी टाकू नकोस असं मला मनापासून वाटतं, त्या तिथे स्वतःची बाजू मांडू शकत नाहीत ना.

पत्राच्या न छापलेल्या भागात तू एका बाईबद्दल लिहिलंयस, 'माझंही असंच झालं' म्हणत ओळख झाली, मग व्हॉट्सअ‍ॅपवर बोलायला लागली आणि आता हॉस्पिटलची फाईल मागतेय. देऊ नकोस! फाईलवर तुझं पूर्ण नाव, वय, पत्ता सगळं असतं. खरंच दुःखातली बाई असेल तर तिला फाईल कशाला लागेल? पैसे मागितले आणि चुकून गेलेच तर लाजत बसू नकोस, ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन कर, जितका उशीर तितके ते परत मिळणं अवघड. तुझ्या नावाने खोटं अकाउंट निघालं किंवा कोणी खासगी फोटोची धमकी दिली तर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार करता येते. प्लॅटफॉर्मकडेही कर, 2021 च्या आयटी नियमांप्रमाणे त्यांना तक्रार अधिकारी नेमावाच लागतो.

रात्री फारच दाटून आलं आणि लिहावंसंही वाटलं नाही तर 14416 लाव, सरकारची टेली-मानस हेल्पलाईन आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं.

राहिला नवरा. बाळ त्याचंही होतं, तो पण दोन वर्षं गप्पच आहे. त्याने ते सगळं फॅमिली ग्रुपवर वाचलं, तुझ्या तोंडून नाही, त्याला ते लागलं असेल. फोन बाजूला ठेवून त्याला एक पोस्ट तू स्वतः वाचून दाखव, पहिली, ज्यात तू बाळासाठी घेऊन ठेवलेल्या टोपडीबद्दल लिहिलंयस.