तोफ नेपोलियनची, पण कुठल्या?

प्रश्न : दादा नमस्कार. गेल्या महिन्यात बेळगावला खडेबाजारात एका दुकानातून पितळेची छोटी तोफ घेतली, लाकडी गाड्यावरची, खाली 'नेपोलियन 12 पौंडर' कोरलंय. दुकानदार म्हणाला वॉटर्लूच्या तोफेचं मॉडेल आहे, 1815 चं, चार हजार घेतले. चाक 9 सेंमीचं, आरे 12, नळीत माझी करंगळी जाते. फसलो काय ओ? आणि काळी पडलीय, चिंचेनं घासू का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : थोडे फसलात, पण रडण्याइतकं नाही. ही 12 पौंडर (म्हणजे 12 पौंडी गोळा फेकणारी) तोफ वॉटर्लूच्या लढाईत असूच शकत नाही, तिचं नाव तिथं हरलेल्या नेपोलियन बोनापार्टवरून नाही तर त्याच्या पुतण्यावरून, तिसऱ्या नेपोलियनवरून पडलंय. फ्रेंचांनी 1853 ला काढली, अमेरिकेनं 1857 ला घेतली आणि तिथल्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी ती धडाधड वापरली.

आता चाक बघा. खरं चाक 57 इंच, म्हणजे साधारण 145 सेंमी, त्याला 9 नं भागा की, 16 येतं. म्हणजे स्केल 1:16, खऱ्याच्या सोळाव्या हिश्श्याएवढी, इथंपर्यंत ठीक. पण खऱ्या चाकाला कडेचे लाकडी तुकडे 7, प्रत्येकात दोन असे 14 आरे, वरून लोखंडी धाव. तुमच्याला 12! आमच्या खानापूरकडच्या जुन्या बैलगाडीला मी 6 तुकडे नि 12 आरेच बघितलेत, त्यामुळं करणाऱ्यानं समोर बैलगाडी ठेवून चाक केलं असणार असं मला वाटतं (आवडलं मला ते, खोटं कशाला बोलू).

नळी मात्र सरळसरळ चुकलीय. खरी 4.62 इंचाची, म्हणजे या स्केलला जेमतेम 7 मिमी, आपली साधी पेन्सिल कशीबशी जाईल एवढीच. करंगळी जात असेल तर खऱ्या मापात ते तोंड 20 सेंमीच्या वर जातं, आणि तसली तोफ 6 घोडे जुंपून मैदानात पळवायचं म्हणजे कठीणच. शोपीस म्हणून चांगलीच आहे, पण संग्राहकाचा भाव तिला मिळणार नाही.

चिंच अजिबात नको. आंबट पाणी पितळ नि लाकडाच्या फटीत जाऊन बसतं, मग हिरवा गंज धरतो, आणि आपल्याकडचा पावसाळा तर माहितीच आहे, लाकूड फुगतं नि मग सुकलं की चाकं सैल होतात. सुकं मऊ कापड फिरवा, बस्स. खरी तोफ पितळेची नाही, काशाची होती, ती पण वापरून काळपटच व्हायची.

आणि एक, खालची अक्षरं भिंगातून बघा. बाकी सगळं काळं नि अक्षरांच्या आत तेवढं पितळ चकाकत असेल तर ती नंतर कोरलीत, मग बिल घेऊन परत जा आणि निम्मे तरी मागा.