अजिंठ्याचा धबधबा: आईंना जरूर न्या, पण कुंडापासून लांब राहा

ताई, येत्या रविवारी जळगावहून अजिंठ्याचा धबधबा बघायला जावं का, सत्तरीच्या आईंना झेपेल का आणि मुलांना कुंडात डुंबता येईल का, असं तुम्ही विचारलंय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. मुलांना पाण्यात उतरू देऊ नका, घोट्याएवढ्या पाण्यातही नाही.

हा धबधबा ज्या वाघूर नदीचा, ती उगम पावते वर अजिंठ्याच्या डोंगरात आणि आपण उभे असतो खाली, घोड्याच्या नालेसारख्या वळलेल्या दरीत. वर पाऊस कोसळत असतो तेव्हा खाली लख्ख ऊन असू शकतं. काही वर्षांपूर्वी आम्ही लेण्यांखालच्या पात्रात दगडांवर डबे उघडून बसलो होतो. पाणी इतकं नितळ की तळाचे खडे मोजावेत. बहिणीने कळण्याची भाकरी मोडली आणि म्हणाली, "पाणी चहासारखं का दिसतंय रे?" मागोमाग काड्या आणि सुका पाला वाहत आला. आम्ही चपला हातात घेऊन वर पळालो. वळून बघतो तर ज्या दगडावर डबे मांडले होते तो दगडच दिसेना. पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील. पाण्याचा रंग बदलला की उठायचं, सामान गोळा करत बसायचं नाही, हे मुलांना गाडीतच सांगून ठेवा. वरून तिथल्या काळ्या खडकावर शेवाळ असतं, त्यावर चांगले बूटही टिकत नाहीत.

हा धबधबा बारमाही नाही. उन्हाळ्यात गेलात तर कड्यावर नुसता काळा ओघळ दिसेल. खरी मजा श्रावण-भाद्रपदात, तीही चांगला पाऊस होऊन गेल्यावर एखाद्या दिवसाने. माझा ठोकताळा साधा आहे. जाताना पहूरला वाघूरच्या पुलाजवळ गाडी बाजूला घेतो आणि पात्र बघतो. नदी भरून वाहत असेल तर वर धबधबा जोरात असतो. डबकी दिसली तर घरच्यांना सांगून टाकतो की आज लेणी बघायची, पाण्याची आशा नको.

रविवार शक्यतो टाळाच, १५ ऑगस्टही टाळा. सोमवारी लेणी बंद असतात. मंगळवार ते शुक्रवारातला दिवस काढता आला तर उत्तम. रविवारशिवाय जमतच नसेल तर सकाळी ९ ला दार उघडतं तेव्हा तिथे असा. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी लावून पुढे बसने जावं लागतं आणि परतीच्या बसला गर्दीच्या दिवशी फार ताटकळावं लागतं.

आईंना न्या, माझं ऐका. सुरुवातीच्या पायऱ्या चढून गेलं की पुढची वाट बरीचशी कड्याच्या कडेने जाते, मध्ये थोड्या पायऱ्या लागतात. गुडघे दुखत असतील तर डोलीवाले असतात. भाव आधी ठरवून घ्या आणि येण्या-जाण्याचं मिळून ठरवा. सगळी लेणी बघायचा हट्ट नको. चित्रांसाठी १, २, १६ आणि १७, सगळ्यांत जुन्यांपैकी १०, आणि शेवटी २६. धबधब्याकडे जाताना २६ नंबरचं लेणं लागतं. आत बुद्धाचं महापरिनिर्वाण आहे, उशीवर हात ठेवून पहुडलेली भली मोठी मूर्ती. भरपावसात त्या मूर्तीपाशी गप्प उभं राहिलं की बाहेरच्या पाण्याचा घुमणारा आवाज आत येतो. माझी पारोळ्याची मावशी तिथून हलेना. "काय पानी शे व माय!" एवढंच म्हणाली आणि पुन्हा कान देऊन उभी राहिली.

क्रम मात्र चुकवू नका: आधी लेणी, मग पाणी. तिथली चित्रं मातीच्या गिलाव्यावर, तो कोरडा झाल्यावर रंगवलेली आहेत. दमट हवा हा त्यांचा मोठा शत्रू. चिंब भिजलेली पन्नास माणसं एका दालनात शिरली की ती ओल चित्रांनाच सोसावी लागते. मला हे फार लागतं, कारण दर पावसाळ्यात निथळत्या कपड्यांनी आत शिरणारे लोक बघतो. रेनकोट बाहेर झटका, मुलांना कोरडा टॉवेल द्या.

पावसाळ्यात लेणी बघण्यात अर्थ नाही असं तुम्हाला कुणी तरी सांगितलंय. मला ते अजिबात पटत नाही. बौद्ध भिक्खू एरवी फिरत असत आणि पावसाळ्यात एका जागी राहत; त्यालाच वर्षावास म्हणतात. अशा मुक्कामासाठी विहार, म्हणजे राहायच्या जागा, लागत; इथली बरीच लेणी तसे विहारच आहेत. पूर्वी लेण्यांतून खाली नदीपर्यंत पायऱ्या होत्या, काहींचे अवशेष अजून दिसतात. म्हणजे ज्या ऋतूत ती माणसं इथे राहायची, त्याच ऋतूत तुम्ही जाताय.

एक गोष्ट आपल्या घरची. जागा जिल्ह्याबाहेर असली तरी हे पाणी आपल्याकडेच येतं. वाघूर इथून उतरून खानदेशात येते, धरणात अडते आणि उरलेली तापीला मिळते. त्याच वाघूर धरणाचं पाणी जळगावात आपल्या नळाला येतं. कुरकुऱ्यांची पाकिटं पात्रात भिरकावणाऱ्यांना मी हे तोंडावर सांगतो. खाऊ पिशवीत बंद ठेवा, तिथली वानरं हातातून ओढून नेतात.

राहिला समोरच्या डोंगरावरचा व्ह्यू पॉइंट. खालून धबधब्याची शेवटची उडीच नीट दिसते. लाव्हाचे थर एकावर एक बसलेत, कठीण थर टिकला, मऊ झिजला, म्हणून पाणी टप्प्याटप्प्याने कुंडांतून खाली येतं. या धबधब्याचं सातकुंड हे नाव त्यावरूनच. हे टप्पे आणि लेण्यांची पूर्ण कमान वरूनच एका नजरेत येते. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला समोरच्या डोंगरावरूनच लेणं दिसलं होतं. आईंना घेऊन पायवाटेने चढू नका. फर्दापूरहून घाट चढून वरच्या अंगाने गाडीरस्ता आहे. दुपारी तीनच्या आत लेण्यांतून निघालात आणि घाटात धुकं नसेल तरच तिकडे वळा. धुकं असलं तर वर काहीच दिसत नाही, सरळ घरी निघा.