खान्देशच्या उन्हाळ्यात पहिलं वॉटर कूलिंग: आधी खोलीचं तापमान मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे: भुसावळ, वरच्या मजल्यावर स्लॅबखालची खोली, एसी नाही. रायझन ७ ७७००एक्स प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड. मे महिन्यात प्रोसेसर ९५ अंशांना टेकतो. पहिल्यांदाच कस्टम वॉटर कूलिंग करायचंय. ३६० मिलिमीटरचा एक रेडिएटर (पाण्यातली उष्णता पंख्यांनी हवेत सोडणारा भाग), पीईटीजी प्लास्टिकचे कडक पाइप, निळं लिक्विड, दोन्हींना ब्लॉक (चिपवर बसणारा, आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा). एवढं पुरेल का?

भाऊ, जानेवारीत पुरेल. मे महिन्यात नाही.

आपल्याकडे पाणी म्हटलं की खिडकीतला कूलर डोळ्यांसमोर येतो. त्यात ताट्यांवरचं पाणी उडतं, म्हणून हवा गार होते. कॉम्प्युटरमधलं पाणी बंदिस्त फिरतं, त्यातलं काही उडून जात नाही. ते फक्त प्रोसेसरवरची उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेतं. त्यामुळे हे पाणी खोलीतल्या हवेपेक्षा गार कधीच होत नाही, आणि ती सगळी उष्णता शेवटी तुमच्या खोलीतच राहते.

आता हिशोब मांडा. ७७००एक्स पूर्ण भारावर १४२ वॅट घेतो, ४०७० दोनशे. म्हणजे जवळपास साडेतीनशे वॅट. एका ३६० च्या रेडिएटरवर, पंखे कानाला सहन होतील एवढ्या वेगात ठेवले, तर पाणी खोलीपेक्षा १० ते १५ अंश वर राहतं. मे महिन्यात दुपारी स्लॅबखाली ४१ धरा. पाणी ५१ ते ५६ वर गेलं. डी५ या नेहमीच्या पंपाची मर्यादा ६० अंश, आणि पीईटीजीचे पाइपही त्याच्या आसपास मऊ पडून फिटिंगमधून सरकायला लागतात. पंखे मंदावले, जाळीवर धूळ बसली, की ही चार अंशांची फट संपली. या पाण्यावर प्रोसेसर आणखी बराच चढतो, कारण ७७००एक्सची चिप लहान आणि तिच्यावरचं झाकण जाड. म्हणजे एवढं करून प्रोसेसर पुन्हा ९५ च्या जवळपासच. ग्राफिक्स कार्डला मात्र पाण्याचा खरा फायदा होतो. ते पाण्यापेक्षा १०-१५ अंशच वर राहतं.

म्हणून कडक पाइप घ्यायचेच असतील तर अ‍ॅक्रिलिकचे घ्या, पीईटीजी नको. आणि पहिल्याच वेळी कडक पाइप घेऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे. काळा ईपीडीएम रबरी पाइप घ्या, १०/१६ मापाचा (आतून १०, बाहेरून १६ मिलिमीटर). उष्णता सोसतो, कात्रीने कापता येतो. पारदर्शक स्वस्त पीव्हीसी पाइपमधून प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) सुटतो, पाइप गढूळ होतो आणि तोच चिकटा ब्लॉकच्या बारीक पात्यांत जाऊन बसतो. रेडिएटर दोन घ्या, ३६० आणि २४०. पात्या विरळ असलेले बघा. आपल्याकडे जिनिंगच्या हंगामात हवेत कापसाची तूस असते, ती दाट पात्यांत अडकली की ब्रशनेही निघत नाही. पाइप जोडायची जी१/४ मापाची फिटिंग प्रत्येक भागाला दोन लागतात, म्हणजे तुमच्या सेटला किमान दहा. शिवाय सगळ्यात खालच्या जागी एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि पाणी काढायचा ड्रेन व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हवर पैसे वाचवले, तर पाणी बदलताना अख्खी कॅबिनेट उलटी धरावी लागते.

आता माझा जुना वाद. अमळनेरहून दुरुस्तीला आलेल्या एका मशीनची तक्रार एवढीच होती, की पंप फिरतोय पण गार होत नाही. प्रोसेसरचा ब्लॉक उघडला. तांब्यावरच्या केसाएवढ्या फटींत पांढरट करडा चिखल दाबून बसला होता, नखाने खरवडला तर साबणासारखा निघत होता. रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा. त्याच्या एका नळीला सुईच्या टोकाएवढं भोक, भोवती पांढरं पोपडं, आणि खाली ग्राफिक्स कार्डाच्या पत्र्यावर सुकलेल्या थेंबांचे डाग. आत भरलेलं होतं आरओचं पाणी. ज्या दुकानातून तो सेट बसवून घेतला, त्या दुकानदाराचं म्हणणं आजही हेच आहे की आरओचं पाणी शुद्धच असतं, त्या माणसाचं नशीब खराब.

नशिबाचा काही संबंध नाही. घरगुती आरओमधून आलेल्या पाण्यात क्षार उरतातच, आणि बोअरचं पाणी असेल तर जास्तच उरतात. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात ठेवले की त्यांचा बॅटरीसारखा सेल तयार होतो, आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. पाण्यातले क्षार इन्व्हर्टरची बॅटरीही खराब करतात हे आपल्या प्रत्येक बॅटरीवाल्याला माहीत आहे, तो कधी नळाचं पाणी ओतत नाही. मग कॉम्प्युटरमध्येच का चालावं? तांबं, पितळ, निकेल एवढेच धातू ठेवा. ऑनलाइन स्वस्त रेडिएटरच्या वर्णनात धातू लिहिलेला नसेल तर तो अ‍ॅल्युमिनियमचाच समजा. पाणी डिस्टिल्ड, त्यात गंजरोधक आणि शेवाळरोधक मिश्रण. नाहीतर सरळ तयार कूलंट, रंग नसलेलं. बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणलंत तर लेबल वाचा, शेजारीच तशाच कॅनमध्ये अ‍ॅसिड असतं. लिटर-दीड लिटर लागेल. वर्षातून एकदा बदला.

नवा रेडिएटर तसाच जोडू नका. आत सोल्डरिंगचा फ्लक्स असतो. गरम डिस्टिल्ड पाणी अर्धं भरा, तोंडं बंद करून जोरात हलवा, ओता. पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा. रिझर्व्हॉयर, म्हणजे पाण्याची टाकी, पंपाच्या वर आणि आधी. डी५ च्या बेअरिंगला पाणी हेच वंगण असतं, कोरडा फिरवू नका. पाणी भरण्याआधी हवेच्या पंपाने अर्धा बार दाब द्या आणि अर्धा तास काटा बघा. खाली आला तर कुठेतरी ओ-रिंग (जोडातलं रबरी कडं) दबलेली आहे. मग पॉवर सप्लायची २४ पिनची केबल मदरबोर्डमधून काढून हिरवी तार काळ्याला जोडा, म्हणजे सप्लाय मदरबोर्डशिवाय सुरू होतो, आणि फक्त पंप चालवा. तारा एकाच रंगाच्या असतील तर १६ वी पिन शोधा. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा आणि रात्रभर चालू द्या. कॅबिनेट हळूहळू चारही बाजूंना कलती केली की अडकलेले बुडबुडे निघतात. पंख्यांचा वेग प्रोसेसरवर नाही, पाण्याच्या तापमानावर लावा. त्यासाठी जी१/४ चा सेन्सर मिळतो.

पैसे खर्च करण्याआधी दोन गोष्टी. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ६५ वॅटचा इको मोड, म्हणजे कमी विजेवर चालायची सेटिंग, लावून बघा. ६५ हे नावापुरतं, प्रत्यक्षात प्रोसेसर ८८ वॅटवर येतो आणि गेममध्ये फरक फार थोडा जाणवतो. ७७००एक्स ९५ पर्यंत चालायलाच बनवलेला आहे, त्या आकड्याने घाबरू नका. दुसरं, मे महिन्याच्या कोरड्या हवेत खिडकीत कूलर लावून खोलीचं तापमान दहा अंश खाली आणलंत, तर पाणीही तितकंच खाली येतं. दुसऱ्या रेडिएटरला एवढं जमत नाही. फक्त कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको, तुषारांबरोबर क्षार येतात. पावसाळ्यात हा उपाय चालणार नाही, पण तेव्हा खोलीही तेवढी तापत नाही.

हे सगळं करूनही आवाज आणि गेममध्ये पडणारे फ्रेम्स यांचाच त्रास असेल, तर फक्त ग्राफिक्स कार्डाला ब्लॉक लावा आणि प्रोसेसर चांगल्या एअर कूलरवर राहू द्या. कार्डाचा ब्लॉक मात्र तुमच्या नेमक्या मॉडेलच्या बोर्डासाठी आहे ना ते तपासूनच मागवा, ४०७० प्रत्येक कंपनीची वेगळी असते. आणि कूलर काढल्यावर वॉरंटी राहते का, हे विकणाऱ्याकडून आधी लेखी घ्या.