ॲरिझोनाच्या वाळवंटात हिवाळा: गाडीत राहायचं ठरवताय, तर आधी हे वाचा

नमस्कार. तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मुलीमुळे तुम्हा दोघांची ग्रीन कार्डं झाली आहेत, नाशिक सोडून मिनेसोटाला यायचं ठरलंय, तिथली थंडी या वयात झेपणार नाही, तेव्हा मोटरहोम, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, घेऊन नोव्हेंबर ते मार्च ॲरिझोनाच्या वाळवंटात राहता येईल का? आम्ही दोघं निवृत्त झाल्यापासून मिशिगनचा हिवाळा टाळून ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइट गावी जातो, म्हणून सविस्तर लिहिते.

राहता येतं, आणि फार छान राहता येतं. पण माझं मत आधीच सांगून टाकते. पहिल्या हिवाळ्यात गाडी विकत घेऊ नका. आणि गाडीचा विचार करायच्या आधी दोन गोष्टी मार्गी लावा: पत्ता आणि आरोग्य विमा.

विम्याचं आधी. पासष्टी उलटली की मेडिकेअर (सरकारी आरोग्य विमा) मिळतं, हे अर्धवट खरं आहे. नव्याने आलेल्या ग्रीन कार्डधारकाला इथे सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय ते पैसे भरूनही घेता येत नाही. तोवर तुम्हाला मिनेसोटाच्या एमएनशुअरसारख्या बाजारातून खाजगी पॉलिसी घ्यावी लागेल. अशा पॉलिसींचे डॉक्टर आणि हॉस्पिटलं बहुतेक त्या राज्यापुरती ठरलेली असतात. ॲरिझोनात अचानक छातीत दुखलं तर इमर्जन्सीचा खर्च मिळेल, पण गुडघा दुखतोय, साखर वाढली आहे, खोकला थांबत नाही, यासाठी गेलात तर सगळं बिल तुमच्या खिशातून. पॉलिसी घेताना एकच प्रश्न लावून धरा: चार-पाच महिने दुसऱ्या राज्यात असू, तिथे साधा डॉक्टर दाखवायचा तर काय मिळेल? उत्तर लेखी घ्या.

पत्त्याचं तुमच्यासाठी सोपं आहे. बारा महिने गाडीत राहणारे लोक साउथ डकोटा, टेक्सास नाहीतर फ्लोरिडाचा पत्ता घेतात आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवेवर विसंबतात. तुम्ही त्या फंदात पडू नका. मुलीचं घर हाच कायमचा पत्ता ठेवा. लायसन्स, गाडीची नोंदणी, विमा, कर सगळं तिथूनच. घर खरोखर बदललं तर इमिग्रेशन खात्याला 10 दिवसांत कळवावं लागतं, हे विसरू नका. उन्हाळ्यात नाशिकला जाल, तेव्हा एका दमात सहा महिन्यांपेक्षा जास्त राहू नका, नाहीतर परतताना विमानतळावर प्रश्न सुरू होतात.

आता गाडी. ट्रक किंवा व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली, 24-25 फुटांची क्लास सी मोटरहोम दोघांना पुरते, आणि बहुतेक राज्यांत ती साध्या लायसन्सवर चालवता येते. अडचण वेगळीच आहे. इथे तुमचा कर्जाचा इतिहास नाही, ड्रायव्हिंगचा इतिहास नाही, त्यामुळे कर्ज मिळणं कठीण आणि गाडीचा विमा महाग. आधी मुलीकडे साधी कार चालवा, उजव्या बाजूने चालवायची सवय होऊ द्या. पहिल्या जानेवारीत दोन-तीन आठवडे मोटरहोम भाड्याने घ्या. भाडं काही स्वस्त नसतं, पण न मानवणारी गाडी वर्षभरात विकण्यातला तोटा त्याहून कितीतरी मोठा. उरलेल्या हिवाळ्यासाठी ॲरिझोनातल्याच यूमा किंवा मेसा शहराच्या आरव्ही पार्कांत, म्हणजे अशा गाड्यांच्या तळांवर, जागच्या जागी उभी असलेली छोटी घरं महिन्याच्या भाड्याने मिळतात.

क्वार्ट्झसाइट फिनिक्सच्या पश्चिमेला, सव्वाशे मैलांवर, आय-10 हायवेवर आहे. उन्हाळ्यात जेमतेम अडीच हजार वस्तीचं गाव. जानेवारीत नजर जाईल तिथवर गाड्याच गाड्या. गावाच्या दक्षिणेला हायवे 95 च्या दोन्ही अंगांना ला पोसा नावाची सरकारी जमीन आहे. बीएलएम हे जमिनींचं केंद्रीय खातं 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल असा पूर्ण हंगामाचा परवाना देतं. बरीच वर्षं त्याचे 180 डॉलर आणि 14 दिवसांचे 40 डॉलर होते; निघण्यापूर्वी चालू दर बघून घ्या. त्यात पाण्याचा नळ, कचऱ्याची सोय आणि डंप स्टेशन, म्हणजे सांडपाणी आणि मैला ओतायची जागा, हे सगळं येतं. वीज नाही, आखलेले प्लॉट नाहीत. शेजारच्या गाडीपासून किमान 15 फूट सोडायचे एवढाच नेम; पण शहाणी माणसं पन्नास-शंभर फूट सोडतात. गावाभोवती फुकट जागाही आहेत, तिथे 28 दिवसांतले 14 दिवसच राहता येतं आणि नळ नसतो. पहिल्या वेळेला पैसे भरून ला पोसालाच राहा.

जागा निवडताना एक गोष्ट काटेकोरपणे पाळा. वाळूच्या कोरड्या ओढ्यात, ज्याला इथे वॉश म्हणतात, गाडी लावू नका. जागा सपाट आणि मोहक दिसते, पण दूर डोंगरात पाऊस पडला की पाणी तिथूनच येतं.

पाण्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथलं सगळं जगणं पाण्याभोवती फिरतं. अशा गाडीत साधारण 40 गॅलन, म्हणजे दीडशे लिटर ताजं पाणी मावतं. दोघांनी मिळून दिवसाला 15 लिटर वापरलं तर दहा दिवस. अमेरिकन शेजारी यासाठी शॉवर मध्येच बंद करायला शिकतात. आपल्याला बादली-तांब्या ठाऊक आहे. पाच लिटरची छोटी बादली, त्यात किटलीभर उकळतं पाणी, स्टीलचा तांब्या, आणि अंघोळ व्यवस्थित होते. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणारं सिन्नर-येवल्याकडचं घर जसं प्रत्येक तांब्याचा हिशोब ठेवतं, तसं इथे राहायचं. खरी अडचण ताज्या पाण्याची नसून सांडपाण्याची असते. अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी ज्या टाकीत जातं ती ग्रे टँक आधी भरते, आणि ला पोसाच्या जमिनीवर सांडपाणी ओतायला बंदी आहे. म्हणून वहिनींना सांगा, आमटीचं पातेलं आधी कागदाने स्वच्छ पुसायचं, मगच पाण्याला लावायचं. तेलकट पाणी टाकीत गेलं की आठवड्यात असा वास सुटतो की गाडीत बसवत नाही.

स्वयंपाकाचंच निघालं म्हणून सांगते. कुकर भारतातून आणा, गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं. मिक्सर मात्र आणू नका; इथे वीज 120 व्होल्टची, आपला चालणार नाही. 110 व्होल्टचे भारतीय मिक्सर इथल्या किराणा दुकानांत मिळतात, आणि गाडीत ते चालवायला चांगला दमदार इन्व्हर्टर लागतो. फोडणी बाहेर टेबल मांडून एका शेगडीवर करा. आत केलीत तर धुराचा अलार्म कोकलतो आणि गादी-पडद्यांतला वास हंगामभर जात नाही. कढीपत्त्याचं रोप घेऊन राज्यांच्या सीमा ओलांडायच्या भानगडीत पडू नका. लिंबू-संत्र्याच्या बागा मारणाऱ्या रोगाचा किडा त्या झाडावर वाढतो, म्हणून त्यावर निर्बंध आहेत, आणि इथून कॅलिफोर्नियात शिरताना तपासणी नाका लागतो.

दिवसा 18 ते 21 अंश, स्वच्छ ऊन, बिनस्वेटरचं. रात्री मात्र पाच अंश, कधी त्याहून खाली. गाडीतला गॅसचा हीटर आपला पंखा बॅटरीवर फिरवतो, त्यामुळे पहाटेपर्यंत बॅटरी बसते. जाड गोधड्या आणा, हीटर झोपताना आणि उठताना तेवढा लावा. जानेवारीत सूर्य खाली असतो, छतावर सपाट बसवलेलं पॅनेल फार कमी वीज देतं. तिरपं करता येणारं बघा. जनरेटर रात्री 10 ते सकाळी 6 बंद. बाहेर जाताना दारावरचं छत गुंडाळूनच जा, वारा अचानक सुटतो आणि ते मोडून टाकतो.

हा वारा धूळ उडवतो, आणि या धुळीत व्हॅली फीव्हर या फुफ्फुसाच्या आजाराची बुरशी असते. बहुतेकांना काही होत नाही, पण साठीपुढच्यांना आणि मधुमेह असलेल्यांना तो जड जाऊ शकतो. ताप, थकवा आणि आठवडेच्या आठवडे खोकला. मिनेसोटाला परतल्यावर असा खोकला लागला तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा की हिवाळा ॲरिझोनात काढलाय. नाहीतर साधा न्यूमोनिया समजून औषध देत राहतील. वादळात खिडक्या लावून आत बसा. जवळचं हॉस्पिटल पार्करला, 35 मैलांवर, आणि लहान आहे. मोठ्या आजाराला फिनिक्सच गाठावं लागतं. हृदयरोग असेल तर क्वार्ट्झसाइटऐवजी मेसा किंवा यूमाच निवडा, असं मी स्पष्ट सांगेन.

दातांसाठी पुष्कळ लोक यूमाजवळून चालत सीमा ओलांडून मेक्सिकोतल्या लॉस अल्गोडोनेसला जातात. गावभर दाताचे दवाखाने आणि चष्म्याची दुकानं. ग्रीन कार्डावर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ हवेत.

एकटेपणाचं म्हणाल तर जानेवारीत उलटच होतं. रत्नं-खड्यांचे बाजार, महिन्याच्या उत्तरार्धात गाड्यांचं मोठं प्रदर्शन, संध्याकाळी शेकोटीभोवती खुर्च्या. मिनेसोटाचे लोक इथे ढिगाने भेटतील. गावच्या दफनभूमीत हाय जॉलीची पिरॅमिडसारखी समाधी जरूर बघा. हाजी अली हे त्याचं नाव. अमेरिकन सैन्याने 1856 मध्ये उंट आणले, त्यांच्यासोबत आलेला तो उंटवाला. 1902 मध्ये इथेच वारला. समाधीच्या टोकावर तांब्याचा उंट आहे. इतक्या लांबून आलेल्या माणसाची या गावाने अशी आठवण ठेवली, याचं मला फार अप्रूप वाटतं. मराठी कानावर पडायला मात्र फिनिक्सच गाठायला हवं. आम्ही फिनिक्सजवळच्या चँडलरला किराणा भरतो, आणि माघी गणेश जयंतीला मॅरिकोपाच्या महागणपती मंदिरात जातो.

पुढेमागे स्वतःच्या गाडीने मिनेसोटाहून निघाल तेव्हा नळांमध्ये आणि टाक्यांमध्ये गुलाबी अँटीफ्रीझ, म्हणजे थंडीत गोठू नये म्हणून भरलेला द्रव, तसंच राहू द्या. दक्षिणेकडची ऊब लागेपर्यंत पाणी भरू नका, नाहीतर पाइप फुटतात. नकाशा फ्लॅगस्टाफवरून जाणारा आय-40 सुचवेल. ते गाव सात हजार फुटांवर आहे आणि तिथे बर्फ पडतो. आय-35 ने फोर्ट वर्थ, मग आय-20 आणि आय-10 ने एल पासो, टूसॉन असे या. लांब पडतं, पण सुरक्षित आहे. जानेवारीच्या तारखा ठरल्या की कळवा. आम्ही ला पोसाच्या दक्षिण भागातच असतो. डंप स्टेशन कसं वापरायचं ते पहिल्या दिवशी शेजारी उभं राहून दाखवू.