ड्रॉपचं बटण दाबण्याआधी

एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: 'मी अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्समध्ये एमएस करते आहे. पहिलंच सत्र, तीन कोर्स, नऊ क्रेडिट. मशीन लर्निंगच्या पहिल्या क्विझमध्ये 100 पैकी 34 मिळाले. प्रॉबेबिलिटी मी कधी नीट शिकलेच नव्हते. बाकी दोन कोर्स बरे चालले आहेत. ॲड-ड्रॉपची, म्हणजे कोर्स घेण्या-सोडण्याची, मुदत गेल्या आठवड्यात संपली. रूममेट म्हणते, सोडून दे, एक डब्ल्यू, म्हणजे कोर्स सोडल्याची खूण, लागेल, बाकी काही होत नाही. बाबा म्हणतात, पहिल्याच सत्रात ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, डाग नको, कसंही करून ओढ. पोर्टलवर ड्रॉपचं बटण अजून चालू आहे. काय करू?'

तुझ्या पत्रातल्या शेवटून दुसऱ्या वाक्याने माझ्या पोटात गोळा आला. बटण चालू आहे म्हणजे तुला परवानगी आहे असं नाही गं. ती यंत्रणा रजिस्ट्रारच्या कार्यालयाची. तिला मुदती कळतात, फी कळते, वर्गात किती जागा उरल्या ते कळतं. समोरची मुलगी एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर आहे, हे ती पुष्कळ ठिकाणी बघतच नाही. 'नक्की काढायचा का?' एवढंच विचारते, हिरवी खूण दाखवते, नवाचे सहा क्रेडिट होतात आणि तुझ्या हातून व्हिसाची अट मोडलेली असते.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाचं हेच झालं होतं. शुक्रवारी रात्री कोर्स काढला, सोमवारी इंटरनॅशनल ऑफिसला कळवू म्हणाला. सोमवारी त्याला सांगण्यात आलं की मंजुरी आधी घ्यायची असते, नंतर नाही. पुढचे काही आठवडे त्याने अभ्यासापेक्षा अर्ज आणि खुलासे लिहिण्यातच घालवले.

नियम समजून घे. एफ-1 वर असताना दर नियमित सत्रात पूर्णवेळ नोंदणी ठेवावी लागते. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी 12 क्रेडिट हा आकडा तिथल्या केंद्र सरकारच्या नियमातच लिहिलेला आहे. तुमच्यासाठी, म्हणजे ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांसाठी, पूर्णवेळ म्हणजे किती हे विद्यापीठ ठरवतं. बऱ्याच ठिकाणी ते नऊ असतं. तुझ्याकडे नेमके नऊच आहेत, म्हणजे एक कोर्स गेला की तू रेषेखाली. रूममेट बारा क्रेडिट घेऊन बसली असेल किंवा तिथलीच नागरिक असेल, तर तिच्या बाबतीत खरंच 'बाकी काही होत नाही'. तिचा सल्ला तिच्यासाठी बरोबर आहे, तुझ्यासाठी नाही.

रेषेखाली जायची रीतसर वाट आहे. तिला 'रिड्यूस्ड कोर्स लोड' म्हणतात, सगळे आरसीएल म्हणतात. ती मंजूर करतो तुझा डीएसओ, म्हणजे इंटरनॅशनल ऑफिसमधला तो अधिकारी, जो सेविस या सरकारी यंत्रणेत तुझी नोंद ठेवतो. अभ्यासाच्या अडचणीसाठी नियमात मोजकीच कारणं दिली आहेत: इंग्रजीची किंवा वाचनाची सुरुवातीची अडचण, अमेरिकन शिकवण्याच्या पद्धतीची ओळख नसणं, आणि चुकीच्या पातळीच्या कोर्समध्ये पडणं. यातलं शेवटचं तुझंच वर्णन आहे. प्रॉबेबिलिटीचा पाया नसताना तू या कोर्समध्ये बसलीस. अर्जात हेच लिही, साध्या शब्दांत. 'मार्क कमी पडले' हे नियमात बसणारं कारण नाही.

या कारणाखाली मिळालेली सूट एका पदवीच्या पातळीवर एकदाच वापरता येते. निम्मा भार तरी ठेवावा लागतो, आणि पुढच्या सत्रात परत पूर्णवेळ. म्हणजे आत्ता वापरलीस तर एमएस संपेपर्यंत अभ्यासाच्या कारणावरून दुसऱ्यांदा मिळणार नाही. आजारपणाची सूट वेगळी आहे, ती डॉक्टरांच्या पत्रावर मिळते. तिच्याशी याची गल्लत करू नकोस.

आता बाबांच्या म्हणण्याकडे येते. त्यांची काळजी खरी आहे, पण मला वाटतं ते चुकीच्या गोष्टीला घाबरतात. डब्ल्यू जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, मोजला जात नाही. सी मोजला जातो. ग्रॅज्युएट विद्यार्थ्याला बहुतेक विद्यापीठांत जीपीए 3.0 राखावा लागतो, खाली गेलं की प्रोबेशन, म्हणजे सुधारणेची ताकीद. समज, दोन कोर्समध्ये बी प्लस आले आणि यात सी. 3.3, 3.3 आणि 2.0, सरासरी 2.87. तेच यात बी मायनस, म्हणजे 2.7, काढलास तर 3.1. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच उरतो: या कोर्समध्ये बी मायनस निघेल का?

त्याचं उत्तर 34 या आकड्यात नाही. सिलॅबस उघड आणि क्विझचं वजन बघ. ही एक क्विझ एकूण मार्कांच्या 5 टक्के असेल, तर तुझे जेमतेम सव्वातीन मार्क गेले आहेत. त्यासाठी कुणी कोर्स सोडत नाही. 20 टक्के असेल तर 13 मार्क गेले, मग विचार करायला हवा. आणि ॲकॅडेमिक कॅलेंडरमध्ये 'विथड्रॉवल'ची शेवटची तारीख बघ. ॲड-ड्रॉप संपलं म्हणजे दार बंद झालं असं नसतं. डब्ल्यू घेऊन बाहेर पडायची मुदत अनेक ठिकाणी मिडटर्मच्याही पुढे असते. फी परत मिळण्याचं प्रमाण मात्र आठवड्यागणिक घटत जातं, ते कोष्टक बर्सरच्या, म्हणजे फी घेणाऱ्या कार्यालयाच्या, पानावर सापडेल. घरी पैशांची ओढाताण असेल तर फी परतीच्या या तारखा बाबांना फोनवर सांग, लपवू नकोस.

भेटायचं कुणाला आणि कोणत्या क्रमाने? आधी प्राध्यापक. ऑफिस अवरमध्ये, म्हणजे त्यांच्या भेटीच्या ठरलेल्या वेळेत, क्विझचा कागद घेऊन जा आणि सरळ विचार, 'माझा पाया कच्चा आहे, यातून मला बी मिळवता येईल असं तुम्हाला वाटतं का?' लाजू नकोस, त्यांना हा प्रश्न दर सत्रात कुणीतरी विचारतंच. ते म्हणाले की दोन आठवडे प्रॉबेबिलिटीवर घासलंस तर जमेल, तर राहा. ते अडखळले, तर विभागातल्या ॲडव्हायझरकडे जा. आरसीएलच्या फॉर्मवर बहुतेक ठिकाणी त्यांची शिफारस लागते. मग डीएसओ. मंजुरी झाल्याचा मेल तुझ्या हातात पडला की त्यानंतरच पोर्टल उघडायचं. असिस्टंटशिप, म्हणजे विद्यापीठातलं पगारी काम, असेल तर तिची अटही त्याआधी वाच, तिथेही पूर्णवेळ नोंदणी मागतात.

आरसीएलशिवायही एक वाट असू शकते, आणि मला ती जास्त आवडेल. पुष्कळ विद्यापीठांत सत्राच्या मध्यावर सुरू होणारे अर्ध्या सत्राचे कोर्स असतात. त्यातला तीन क्रेडिटचा एखादा तुझ्या पदवीत मोजला जात असेल तर आधी तो घे, मग हा सोड. नऊ नऊच राहतात, आणि ती एकदाचीच सूट शिल्लक राहते. पण तारखांचा हा खेळ चालेल का, हे डीएसओकडून लेखी घे. वेटलिस्टवरची जागा नोंदणीत धरली जात नाही, ऑडिट केलेला, म्हणजे क्रेडिट न घेता नुसता ऐकलेला, कोर्सही नाही. पूर्ण ऑनलाइन कोर्स सत्रात एकच, तीन क्रेडिटपर्यंत, धरतात.

माझं स्पष्ट मत विचारशील तर, प्राध्यापकांनी पाया नाही म्हटलं की हा कोर्स सोड, आणि अपराधी वाटून घेऊ नकोस. प्रॉबेबिलिटी न शिकता मशीन लर्निंग ओढत नेलंस तर हाती सी येईल आणि विषय कच्चाच राहील. वसंत सत्राची नोंदणी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास उघडते. आधी तुझ्या खात्यावर फीचा, लसीकरणाचा किंवा ॲडव्हायझिंगचा होल्ड आहे का ते बघ, कारण होल्ड असला की नोंदणी होत नाही आणि जागा तोवर भरतात. प्रॉबेबिलिटीचा कोर्स त्या सत्रात पहिला टाक. मशीन लर्निंग त्याच्या पुढच्या सत्रात.

उद्याच प्राध्यापकांच्या ऑफिस अवरची वेळ बघून ठेव. ते काय म्हणाले ते मला कळव, फॉर्म भरताना कारणाचा परिच्छेद आपण मिळून बघू.