नुसत्या कापडाने पुसून युरेनियम समृद्ध केल्याचं कसं कळतं? आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांना हे शिकवतात का?

हो, शिकवतात, आणि हात वळेपर्यंत घोटून घेतात. साधारण १० सेंमी चौरस, अतिस्वच्छ सुती कापड असतं. त्याने यंत्राचे सांधे, हवा बाहेर टाकणाऱ्या नळ्या, दाराच्या वरची धूळ पुसायची. जमीन धुतलेली असते, दाराची वरची कड सहसा कोणी पुसत नाही! मग कापड एका पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, वर सील.

काम दोघांचं: एक पुसतो, दुसरा फक्त पिशव्या आणि नोंदी हाताळतो. प्रत्येक जागेला नवे हातमोजे. इथेच नवखे चुकतात. आधीच्या जागेचा एक कण मोज्याला चिकटून आला, तरी निष्कर्ष फसतो, कारण व्हिएन्नाजवळच्या सायबर्सडॉर्फ प्रयोगशाळेत मायक्रॉनभर आकाराचे कण एकेक करून तपासतात. नैसर्गिक युरेनियमात यू-२३५ (युरेनियमचा सहज फुटणारा प्रकार; त्याचं प्रमाण वाढवणं म्हणजेच समृद्ध करणं) सुमारे ०.७ टक्के, बहुतेक वीज-अणुभट्ट्यांच्या इंधनात ३ ते ५. कण त्याच्या बराच वर निघाला, तर खुलासा मागितला जातो.

पण कण सापडला म्हणजे तिथे चोरून युरेनियम समृद्ध केल्याचं सिद्ध झालं, असं नाही. २००३ मध्ये इराणमध्ये अतिसमृद्ध कण मिळाले. त्यातले बरेचसे पाकिस्तानातून आलेल्या जुन्या सेंट्रिफ्यूजच्या (युरेनियम समृद्ध करणाऱ्या, वेगाने फिरणाऱ्या यंत्रांच्या) भागांना चिकटून आले होते, हे पुढे तिथल्या भागांशी ताडून पाहिल्यावर उलगडलं.

किलोचा हिशोब वेगळा: २५ किलो यू-२३५ (अतिसमृद्ध युरेनियमातलं) किंवा ८ किलो प्लुटोनियम बेपत्ता झालं, तर एक बॉम्ब शक्य धरतात.